पाठराखीण

"हे तरी मोडणार नाही ना?"

ताईने फोनवर एवढं एकच विचारलं. मी "नाही गं" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मागच्या वेळीही मी असंच "नाही गं" म्हणालो होतो...

मागची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. 2023 मध्ये सातारच्या अदिती स्वामीने बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, आणि तेव्हापासून आमच्या भाच्याच्या डोक्यात तिरंदाजी शिरली ती शिरलीच. "मामा, तुला सुतारकाम येतं ना? मग मला धनुष्य करून दे." आता येतं म्हणजे काय, एक स्टूल, एक देवघराची फळी आणि दोन खुंटाळी, एवढंच माझं सुतारकाम. पण भाच्याने म्हटल्यावर मामाने नाही कसं म्हणायचं? घरात सागवानाची एक पट्टी पडून होती. तिला रंधा मारला, टोकांना खाचा पाडल्या, नायलॉनची दोरी लावली. पहिला बाण मीच मारणार म्हणून अंगणात उभा राहिलो, दोरी हनुवटीपर्यंत ओढली, आणि काड् असा आवाज झाला. धनुष्याचे तीन तुकडे झाले होते. त्यातला एक माझ्या भुवईवर लागून मागे भिंतीवर आपटला. तीन टाके पडले. भाचा माझ्यापासून चार हातांवर उभा होता. ताई दारात उभी राहून सगळं बघत होती. ती काहीच बोलली नाही, आणि ते जास्त लागलं.

त्यामुळे या वेळी मी नीट अभ्यास करायचा ठरवलं. पहिली गोष्ट लाकडाची. वखारीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "सागाचं धनुष्य कोण करतो? धामण घ्या." धामण म्हणजे साप नव्हे हो, झाड. बैलगाडीच्या दांड्या, कावडी, अवजारांचे दांडे यांना पूर्वी हेच लाकूड लागायचं, कारण ते लवतं आणि परत सरळ होतं. संस्कृतात या झाडाला धनुर्वृक्ष असंही नाव आहे. हे कळल्यावर मी कपाळावर हात मारला (टाक्यांच्या बाजूला नव्हे). झाडाच्या नावातच लिहून ठेवलेलं उत्तर सोडून मी सागवान घेऊन बसलो होतो!

तर आता पाच फुटांचं धामणीचं धनुष्य जवळजवळ तयार आहे. दोन्ही हात सारखे वाकतात की नाही ते बघत बघत, जिथे ताठ वाटेल तिथे थोडं थोडं खरवडत, दोन महिने घालवले आहेत. वाकतं सुंदर. फक्त एक अडचण आहे. लाकूड करवतीने कापलेलं आहे, आणि करवतीला झाडाचे तंतू कळत नाहीत. वरच्या हातात एका जागी तंतू तिरपे धावून कडेबाहेर निघून गेले आहेत. बोटभर लांबीची जागा असेल, पण रात्री दिव्याखाली धरलं की मला तेवढीच दिसते.

असं धनुष्य असलं की त्याच्या पाठीवर काहीतरी चिकटवावं, असं जाणकार म्हणतात. कोणी कातडं लावतं, कोणी कापड, कोणी दुसऱ्या लाकडाची पातळ पट्टी, कोणी बांबू, कोणी जनावराचे स्नायुतंतू. इंग्रजीत याला 'बॅकिंग' म्हणतात. मराठीत मी त्याला पाठबळ म्हणतो. ते लावायचं की नाही, या प्रश्नावर मी तीन आठवडे अडकून पडलो होतो, आणि त्या तीन आठवड्यांत जे वाचलं ते इथे मांडतोय. खरं तर हे ताईच्या प्रश्नाचंच उत्तर आहे, फक्त जरा लांबचं!

आधी थोडं शरीरशास्त्र. धनुष्याला पोट असतं आणि पाठ असते. आपल्याकडे तोंड करून असतं ते पोट, लक्ष्याकडे असते ती पाठ. दोरी ओढली की पोट दाबलं जातं आणि पाठ ताणली जाते. बहुतेक लाकडांना दाबापेक्षा ताण जास्त सोसतो, म्हणजे पाठीचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड असतील तर तिला कोणाच्या मदतीची गरज नसते. पण एखादा तंतू मध्येच कापला गेला असेल तर त्याचं मोकळं टोक ताणाखाली उचललं जातं. आधी एक कुसळ उठतं. मग त्याच्या शेजारचं. आणि मग माझी भुवई.

आता मला प्रश्न पडला, की पूर्वीचे लोक काय करायचे? करवत नसताना?

डेन्मार्कमध्ये होल्मगार्ड नावाच्या दलदलीत 1944 साली एल्म लाकडाची धनुष्यं सापडली. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची! त्यांच्या पाठीवर काहीही चिकटवलेलं नाही. करणाऱ्याने बारीक खोड घेतलं, साल काढली, आणि सालीखालची बाजू तशीच पाठ म्हणून ठेवली. सगळं तासकाम केलं ते पोटाकडून. झाड जसं वाढलं तशी पाठ, एकही तंतू कापलेला नाही. आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सापडलेला तो प्रसिद्ध 'ओट्झी', सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्याजवळही माणसापेक्षा उंच असं यू लाकडाचं धनुष्य होतं. त्यालाही पाठबळ नाही. त्याचं धनुष्य अर्धवटच होतं, हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

हे यू झाड म्हणजे युरोपातल्या धनुष्यांचा राजा. त्याचं बाहेरचं पांढरं लाकूड ताणाला चांगलं आणि आतलं तांबूस लाकूड दाबाला चांगलं. इंग्लंडचे धनुष्य करणारे दोन्हींच्या सीमेवरचा तुकडा घ्यायचे, पांढरं पाठीला आणि तांबूस पोटाला. म्हणजे झाडाने आधीच पाठ चिकटवून दिलेली, तीही सरसाशिवाय! आठव्या हेन्रीचं 'मेरी रोज' हे जहाज 19 जुलै 1545 रोजी बुडालं आणि 1982 साली समुद्रातून वर काढलं. त्यात दीडशेहून जास्त धनुष्यं मिळाली, सगळी यूची, बहुतेक सहा फुटांहून लांब. चारशे-साडेचारशे वर्षं पाण्याखाली राहून त्यातली बरीचशी अखंड होती.

त्याच 1545 साली रॉजर अ‍ॅशमने धनुर्विद्येवरचं 'टॉक्सोफिलस' हे पुस्तक राजाला अर्पण केलं. एल्म, अ‍ॅश वगैरे लाकडांना तो दुय्यम ठरवतो आणि यूलाच खरं धनुष्याचं लाकूड मानतो. पण तसं यू इंग्लंडमध्ये पुरेसं कुठे होतं? 1472 सालच्या कायद्याने इंग्लंडच्या बंदरात माल घेऊन येणाऱ्या जहाजांना दर टन मालामागे धनुष्याचे चार दांडे आणण्याची सक्ती केली. पुढे तिसऱ्या रिचर्डच्या काळात गोड वाइनच्या दर पिंपामागे दहा दांडे झाले. वाइन हवी तर आधी लाकूड आणा! म्हणजे पाठबळ न लावणं ही काही फुकटची चैन नव्हती. सबंध राज्य चांगल्या लाकडामागे धावत होतं, तेव्हा कुठे ती धनुष्यं नुसत्या लाकडावर उभी होती.

आणि ते लाकूड दुर्मीळ झाल्यावर काय झालं? बंदुका आल्या, धनुष्य लढाईतून बाहेर पडलं, पण हौस उरली. 1781 साली लंडनमध्ये टॉक्सोफिलाइट सोसायटी निघाली, सरदार-उमराव हिरवे कोट घालून नेम धरू लागले. तोवर जुन्या प्रतीचं यू मिळणं कठीण झालं होतं. मग तिथल्या कारागिरांनी दोन लाकडं एकमेकांना चिकटवून धनुष्यं करायला सुरुवात केली. पोटाला एक, पाठीला हिकरीसारखं चिवट दुसरं. म्हणजे पाठबळ आलं ते झाड मनासारखं मिळेना म्हणून. इथे मला माझी वखार आठवली.

पण ज्याच्यामुळे माझं मत खरं हललं तो माणूस निराळाच आहे.

ऑगस्ट 1911 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावाच्या कत्तलखान्याजवळ एक उपासमार झालेला माणूस सापडला. याही नावाच्या जमातीतला तो शेवटचा जिवंत माणूस होता. बाकीचे बहुतेक गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत आणि रोगांत संपले होते, आणि उरलेले मूठभर लोक कित्येक वर्षं डोंगरात लपून राहिले होते. त्यांच्यात स्वतःचं नाव स्वतः सांगायची पद्धत नव्हती, आणि सांगणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. म्हणून मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी त्याला 'ईशी' म्हटलं. याहींच्या भाषेत ईशी म्हणजे माणूस. विद्यापीठाने त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात ठेवलं. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप नावाचे शस्त्रवैद्य होते, त्यांची याच्याशी गट्टी जमली. ईशी त्यांना धनुष्य करायला आणि चालवायला शिकवू लागला.

ईशीचं धनुष्य जेमतेम बेचाळीस इंच. माझ्या कमरेच्या थोडंसंच वर येईल. लाकूड डोंगरी जुनिपरचं. झुडपांतून सरपटत जाऊन अगदी जवळून हरण मारायचं, तर सहा फुटी दांडा काय कामाचा? पण आखूड धनुष्य तेवढंच ओढायचं म्हणजे त्याच्या पाठीवर कितीतरी जास्त ताण. तिथे नुसतं लाकूड पुरत नाही. म्हणून तो हरणाचे स्नायुतंतू वापरायचा (म्हणजे मांस नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी ती पांढरी चिवट दोरी). ते दातांनी चावून मऊ करायचे, सामन माशाच्या कातड्याच्या सरसाने पाठीवर बसवायचे आणि वाळू द्यायचे. वाळताना हे तंतू आखडतात आणि धनुष्याला मागे खेचतात, आणि ओढलं की लाकडाच्या कितीतरी पट लांबूनही तुटत नाहीत. त्याच्या धनुष्याची ओढ सुमारे पंचेचाळीस पौंड भरायची.

पोप यांनी ईशीच्या बारीकसारीक सवयी लिहून ठेवल्या आहेत. काम नसताना धनुष्याची दोरी उतरवून ठेवायची, धनुष्य उभं करून ठेवायचं नाही, नाही तर ते दमतं. आणि कोणी ते ओलांडायचं नाही! हे वाचताना मला आजी आठवली. जमिनीवर झोपलेल्या पोराला ओलांडलं की तिचा केवढा आरडाओरडा व्हायचा.

25 मार्च 1916 रोजी ईशी क्षयाने गेला. पाचेक वर्षांत जे शिकवता आलं तेवढं मागे राहिलं. पोप यांनी ते आधी विद्यापीठाच्या अहवालात आणि मग 1923 साली शिकारीवरच्या पुस्तकात लिहिलं, आणि त्या पुस्तकाने अमेरिकेत लाकडी धनुष्यांची हौस पुन्हा पेटवली. गंमत म्हणजे पोप यांनी स्वतः ईशीसारखं आखूड धनुष्य धरलं नाही. ते इंग्रजी वळणाची लांब यूची धनुष्यं करत. मात्र त्यांच्या पाठीवर कच्चं कातडं चिकटवायची कृती त्यांनी दिली आहे. गुरूकडून त्यांनी माप उचललं नाही, पाठ सांभाळायची हे मात्र उचललं.

हे वाचून मी जवळजवळ उठलोच. लावू या स्नायुतंतू! पण मग आठवलं की मी चिपळूणला राहतो.

इथे बाबर मदतीला आला. (होय, तोच, पानिपतचा.) मध्य आशियातली धनुष्यं म्हणजे पाठबळाची परमावधी. मध्ये लाकडाचा गाभा, पोटावर शिंग, पाठीवर स्नायुतंतू, आणि सगळं सरसाने जोडलेलं. घोड्यावर बसून चालवता येईल इतकं आखूड आणि तरीही जबरदस्त. असं धनुष्य नीट वाळवून तयार व्हायला महिनेच्या महिने लागत. हिंदुस्थानात आल्यावर बाबराने इथल्या पावसाळ्याबद्दल आत्मचरित्रात तक्रार केली आहे. हवा छान असते, पण इतकी दमट की त्याच्या मुलखातली धनुष्यं एका पावसाळ्यात कामातून जातात. चिलखतं, पुस्तकं, कपडे, भांडी, सगळ्यालाच दमट हवा बाधते म्हणतो. चिपळूणच्या जुलैत ज्याने मिठाला सुटलेलं पाणी आणि चपलांवरची बुरशी बघितली आहे, त्याला हे वाचून बाबर शेजारचाच वाटेल. सरस म्हणजे शेवटी जनावराच्या कातड्या-हाडांचा चीक, हवेतलं पाणी पिऊन मऊ होणारच. पुढे या देशात पोलादाची धनुष्यं निघाली, ती संग्रहालयांत बघायला मिळतात. शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी बिघडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

मग या पावसाच्या देशातले जुने लोक काय करत होते? शिंगाची माहिती आपल्याला नव्हती असं नाही. विष्णूच्या धनुष्याचं नावच शार्ङ्ग, म्हणजे शिंगाचं. आपला शारंगधर तिथूनच आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या साहित्याची यादी आहे, तिच्यात ताड आहे, बांबू आहे, लाकूड आहे आणि शिंगही आहे. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू अशी यादी देऊन तो स्नायूही सांगतो. म्हणजे स्नायुतंतू ठाऊक होते, पण त्या यादीत त्यांची जागा दोरीत आहे.

बाहेरच्यांनी बघितलं तेही असंच. इ.स.पू. 480 च्या स्वारीत झर्क्सिसच्या फौजेतल्या हिंदी सैनिकांचं वर्णन हिरोडोटसने केलं आहे, सुती कपडे आणि बोरूची किंवा वेताची म्हणावीत अशी धनुष्यं. सिकंदराबरोबर आलेल्या निआर्कसच्या आधाराने एरियन लिहितो की हिंदी धनुष्य माणसाच्या उंचीचं असतं, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढतात. लांब धनुष्य म्हणजे ताण जास्त लांबीवर वाटला जातो, आणि पाठीला दुसऱ्याची गरज कमी पडते. इंग्रजांचं उत्तर आणि आपलं उत्तर एकच होतं, फक्त त्यांचं यूचं आणि आपलं बहुधा बांबूचं.

बांबूची खुबी तर आणखीच मोठी. त्याचे बळकट तंतू सगळ्यात दाट असतात ते बाहेरच्या हिरव्या सालीजवळ. बांबू उभा चिरला आणि सालीची बाजू पाठीला ठेवली की झालं. भिल्लांचा तिरकामठा असाच असतो. कित्येकदा त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची असते, म्हणजे अर्थशास्त्राच्या यादीतली दोरी अजून वापरात आहे! सालीवर चाकू लावायचा नाही, जे काय खरवडायचं ते आतून. नऊ हजार वर्षांपूर्वीच्या त्या डॅनिश माणसाने एल्मला हेच केलं होतं. त्याला कोणी शिकवलं असेल आणि भिल्लांना कोणी, देव जाणे. झाडाने दोघांना सारखंच शिकवलं असणार.

हे सगळं वाचून झाल्यावर माझा प्रश्न मलाच वेगळा दिसायला लागला. पाठबळ चांगलं की वाईट असं कुठल्याच काळात कोणी विचारलेलं दिसत नाही. ईशीचं धनुष्य आखूड होतं म्हणून त्याने लावलं. मध्य आशियातल्या स्वारांना घोड्यावर लांब दांडा नको होता आणि हवा कोरडी होती म्हणून त्यांनी लावलं. हौशी इंग्रजांना जुन्यासारखं लाकूड मिळेना म्हणून त्यांनी लावलं. ज्यांनी नाही लावलं त्यांनी झाडाची पाठ मुळात कापलीच नव्हती. तेव्हा आपण आधी हे विचारायचं, की आपल्या धनुष्यात उणं काय आहे?

माझं धनुष्य आखूड नाही. पाच फूट लांब, आणि भाच्याचा हात बावीस इंचांच्या पुढे ओढत नाही. ओढ पंचवीस पौंडांच्या आसपास. लाकूड ठिसूळ नाही. उणं आहे ते एवढंच, की करवतीने एका जागी पाठ कापली आहे. म्हणजे मला जोर वाढवणारं काही नको. उठू पाहणारं कुसळ दाबून धरणारं काहीतरी हवं.

हे लक्षात आल्यावर निवड सोपी झाली. स्नायुतंतू पावसामुळे बाद. बांबूची पट्टी उत्तम, पण ती आधी चिकटवून मग धनुष्य घडवावं लागतं. तयार धनुष्यावर ती बसवली तर पाठ पोटापेक्षा दांडगी होईल आणि पोट चिरडेल. कच्चं कातडं ढोलकीवाल्याकडे मिळालं असतं. पण पावसाळ्यात हलगी सैल पडते आणि वाजवणारे ती जाळावर शेकून घेतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. धनुष्य कुठे शेकत बसू? राहिलं कापड. रेशीम किंवा लिनन, आणि पाण्याला न घाबरणारा अरल्डाइट.

रेशीम म्हटल्यावर ताईने आईची जुनी रेशमी साडी काढून ठेवली. "नाहीतरी फाटलीच आहे, पदराचा तुकडा घे. आईचा हात राहील पाठीवर." मला एकदम भरून आलं. मनात म्हटलं, लेखाचा शेवट मिळाला! आणि मग त्या पदराची पट्टी दोन हातांत धरून जरा ओढली, तर घडीवर टर्रकन फाटली. जुनं रेशीम असंच जिरतं, कपाटात नुसतं घडी घालून ठेवलं तरी. मी ती पट्टी तशीच घडी करून परत दिली. ताई म्हणाली, "बघ बाबा, तुझं तू ठरव." पाठीवर ताण येणार आहे, तिथे आठवण उपयोगाची नाही, ताजा धागा पाहिजे. बाजारातून सदऱ्याचं नवं लिनन आणलं, अर्धा मीटर.

आपल्याकडे पूर्वी नवरी पहिल्यांदा सासरी जाताना बरोबर पाठराखीण जायची. एखादी मावशी, आत्या, नाहीतर जाणती बहीण. ती काही सासरचा स्वयंपाक करायला जायची नाही, आणि सासर वाईट असेल तर तिच्याने ते सुधारायचंही नाही. तिचं काम एवढंच, की नव्या जागी पोरगी एकटी पडू नये, आणि काही उणंदुणं झालंच तर तिला धरायला कोणी असावं. माझं लिनन हे असं पाठराखीण आहे. धनुष्य वाकायचं ते धामणीच्या बळावरच वाकणार. माझं घडवणं चुकलं असेल तर कापडाने ते बरोबर होणार नाही. पण कुसळ उठलंच तर ते जागच्या जागी धरलं जाईल, आणि मोडलंच तर तुकडे बहुधा उडणार नाहीत, कापडाला लोंबत राहतील.

तेव्हा ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मोडणार नाही असं मी म्हणणार नाही. लाकूड आहे, कधीतरी मोडतं. उद्या अरल्डाइट पुरतं वाळलं की आधी मी एकटा, हेल्मेट घालून, तीनशे बाण मारणार आहे. थोडं थोडं वाढवत, आणि शेवटचे पन्नास त्याच्या बावीस इंचांपेक्षा दोन इंच जास्त ओढून. दर दहा बाणांनंतर पाठीवरून कापसाचा बोळा फिरवणार, कापूस कुठे अडकला की काम थांबलं. तीनशे पार पडले तर धनुष्य त्याचं. आणि कोणी दुसऱ्याने ते त्याच्यापेक्षा जास्त ओढायचं नाही, भावोजींनीसुद्धा नाही!

भाच्याला हे सगळं सांगितलं तर त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, मग दिवाळीनंतर बांबूचं करू या का? त्याला तर काहीच लावावं लागणार नाही."

तीन आठवडे मी जे वाचलं ते त्याने एका वाक्यात गुंडाळलं. असो. सध्या धनुष्य पडवीत आडवं ठेवलंय, कपड्यांचे चौदा चिमटे लावून. बाहेर पाऊस चालू आहे. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, कोणी ओलांडू नका.